पाच लाल ठिपके

आज सकाळी गॅरेजचं दार वर गेलं आणि बघते तर काय, सगळा ड्राइव्हवे पिवळा! डेकवरच्या खुर्च्या पिवळ्या, मेलबॉक्स पिवळा, बाहेर राहिलेली गाडी तर हळद लावून बसवल्यासारखी. आला बाई एकदाचा पराग. आमच्या या कॅरी गावात राहणाऱ्या माणसाला हे सांगायला नको. मार्च संपत आला की इथली पाइनची झाडं दोन-तीन आठवडे नुसती उधळतात. खिडक्या घट्ट लावा, फिल्टर बदला, काही करा, ती पिवळी पूड पोळपाटावरसुद्धा येऊन बसते. लोक शिंकतात, गोळ्या घेतात, गाड्या धुतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा धुतात. मला मात्र हा रंग दिसला की दरवर्षी एकच गोष्ट आठवते आणि लाजेनं कान गरम होतात. तीन वर्षांपूर्वीचे असेच पिवळे दिवस होते.

आधी माझ्याबद्दल सांगून टाकते. मी संशयी बाई आहे. लपवण्यासारखं त्यात काही नाही, उलट त्यावरच माझं पोट चाललं. बत्तीस वर्षं औषधांच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोल केलं. लेबलवर लिहिलंय म्हणून मान्य करायचं नाही, समोरचा शपथेवर सांगतोय म्हणून तर मुळीच नाही. पुढे रिटायर झाले, पण ती नजर काही रिटायर होईना. ग्रोसरीतली दह्याची डबी मी अजून मागच्या रांगेतून काढते. डॉक्टर "ऑल गुड" म्हणाला की मी म्हणते, "आधी रिपोर्ट दाखवा."

माझा नवरा मधुकर अगदी उलट टोकाचा. लग्न झालं तेव्हा मी त्याला 'अहो' म्हणायचे. न्यू जर्सीतल्या पहिल्या हिवाळ्यात दोघांनी मिळून बर्फ उपसला आणि 'अहो'चं 'अरे' झालं. हा माणूस अनोळखी माणसाच्या हातात घराची किल्ली देईल आणि वर त्यालाच थँक यू म्हणेल. पोटापाण्यासाठी इंजिनिअर झाला, जीव मात्र पेटीत. त्याच्या साताऱ्याच्या गुरुजींनी स्वतः निवडून दिलेली पेटी आहे ती, सागवानी, आणि आत जर्मन रीड. रीड म्हणजे पितळेचा बोटभर तुकडा, त्यात मधोमध एक पातळ जीभ. भात्याची हवा लागली की जीभ थरथरते आणि सूर बोलतो. मधुकरच्या पेटीत एक पट्टी दाबली की अशा दोन जिभा एकदम बोलतात, म्हणून तिचा आवाज भरलेला. आमच्या मंडळाचा पाडव्याचा नाट्यगीतांचा कार्यक्रम कितीतरी वर्षं या पेटीच्या जिवावर चाललाय. पाडवा म्हणजे पाडव्याला नव्हे हं. शाळेचा हॉल मिळेल त्या शनिवारी. त्या वर्षी तो मिळाला एप्रिलच्या शेवटी.

आणि त्याच हिवाळ्यात हीटरच्या कोरड्या हवेनं पेटीचा भाता चिरला. सूर धरला की मधेच फुस्स. न्यू जर्सीला पिस्कॅटवेत एक पेटी दुरुस्त करणारे आहेत, त्यांच्याकडे वेटिंग लिस्ट. तेव्हा सई म्हणाली, ही आमच्या मंडळातली गाणारी मुलगी, इथल्या युनिव्हर्सिटीत पीएच.डी. करतेय, "काका, माझ्या लॅबशेजारी चर्च आहे ना, तिथला मोठा पाइप ऑर्गन दुरुस्त करायला एक म्हातारे येतात. वॉल्टर. स्वतः ऑर्गन बांधतात. हवा, भाता, पितळेच्या जिभा, सेम टेक्नॉलॉजी आहे यार!"

मधुकरचा चेहरा उजळला. मी मात्र सावध झाले. आमच्याकडे, गावाकडे, पेटी दुरुस्तीला दिली की घरातले मोठे एकच बजावायचे: समोर बसून करून घ्या, नाहीतर जर्मन सूर, म्हणजे रीड, काढून घेतील आणि दुसरे घालतील. कुणाची ना कुणाची पेटी अशी 'बदलून' आलेली असायचीच. खरंखोटं देव जाणे. पण मी ते ऐकत वाढले. आणि सातासमुद्रापलीकडे आलं म्हणून माणसाचा कान थोडाच बदलतो? मी गाडीत मनाशी ठरवूनच बसले, त्या वॉल्टरवर लक्ष ठेवायचं.

कारखाना एका जुन्या मोज्यांच्या गिरणीत होता. बाहेर पाटी नाही, काही नाही. हा पहिला संशय. आत पाऊल टाकलं आणि नाकात एकदम सरसाचा वास गेला, चुलीवर ठेवलेल्या सरसाचा, त्यात ओल्या लाकडाचा आणि मेंढीच्या कातड्याचा. उंच खिडक्यांतून ऊन येत होतं आणि उन्हात परागच परागच तरंगत होता, त्याला तिथेही मज्जाव नव्हता. आणि पाइप! भिंतीला टेकलेले, फळ्यांवर ओळीनं निजवलेले, लाकडी चौकोनी, धातूचे गोल, काही आमच्या घरापेक्षा उंच तर काही पेन्सिलीएवढे. एका मोठ्या डब्यात राखाडी धातूचे तुकडे पडले होते. "हे काय?" मी विचारलं. "शिसं आणि कथील, मॅम." आणि हे म्हणता म्हणता त्या म्हाताऱ्यानं त्याच हातानं बाकावरचं सँडविच उचललं. माझ्यातली केमिस्ट ओरडली, "हात धुवा आधी!" तो गडबडला, हसला आणि खरंच जाऊन हात धुऊन आला. मनात म्हटलं, गोड वागतोय. हा दुसरा संशय.

वॉल्टर सत्तरीच्या पुढचा, किडकिडीत, कानात केस. बोलायला हळू. पेटी टेबलावर ठेवल्यावर त्यानं ती लगेच उघडली नाही. नाक लावून वास घेतला. मग बोटानं एक पट्टी दाबून, दुसऱ्या हातानं फुटका भाता कसाबसा हलवून कितीतरी वेळ एकच सूर ऐकत राहिला. "कुणी बांधलीय ही?" त्यानं विचारलं. मधुकरला काय, तेवढंच पाहिजे होतं. सातारा, गुरुजी, सागवान, सगळं सुरू. दोघांची अशी गट्टी जमली की बघायला नको. वॉल्टरनं त्याला एक छोटा पाइप दिला, तोंडानं फुंकायला. मग जमिनीवर आडव्या निजवलेल्या भल्यामोठ्या लाकडी पाइपाशी नेलं, पंख्यानं त्यात हवा सोडली आणि म्हणाला, "हा ऐकायचा नाही. हात ठेवा." मधुकरनं तळवा ठेवला. लहान मुलासारखा ओरडला, "वसू, इकडे ये, ये ना! हाताला कळतंय!" मी गेले नाही. मी पेटीजवळून हलायला तयार नव्हते.

पण वय झालं की काही गोष्टी आपल्या हातात राहत नाहीत. रेस्टरूमला जावंच लागलं. पाच मिनिटं. परत येते तर पेटीचं झाकण निघालेलं, आतली फळी वॉल्टरच्या हातात, आणि आमचे हे बाजूला पाइप फुंकण्यात गर्क. झालं! माझा तिसरा संशय तिथे पक्का झाला. त्यातून वॉल्टर म्हणाला, कातडं तयार करायला वेळ लागेल, पेटी इथेच ठेवून जा. मी म्हटलं, छे छे, आमच्या प्रॅक्टिस आहेत, फुटक्या भात्यावर का होईना चालवू, दोन आठवड्यांनी आणतो. मधुकर माझ्याकडे बघतच राहिला.

पुढचं मी केलं ते एका मंगळवारी दुपारी, तो वॉकला गेल्यावर. मास्क लावून फिरायला जायचा तो त्या दिवसांत, परागामुळे. मी पेटीचं झाकण काढलं, फळी उचलली. तो रीड साफ करताना हजारदा बघितलं होतं, त्यात काय मोठंसं! पितळी जिभा ओळीनं चमकत होत्या. सगळ्यांवर खूण करायची गरज नव्हती. क्वालिटी कंट्रोलमध्ये सगळा माल कुणी तपासत नाही, नमुने घेतात. मी पाच रीड निवडले, लांबलांबचे, आणि माझ्या लाल नेलपॉलिशचा एकेक बारीक ठिपका प्रत्येक जिभेच्या टोकाला लावला. आता बदल म्हणावं रीड! ठिपका नाही दिसला की तुला पकडलाच. मी फळी बसवली, झाकण लावलं, बाटली बंद केली आणि चहा टाकला. खरं सांगते, इतकं समाधान मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

त्या आठवड्यात सई प्रॅक्टिसला आली. चार ओळी झाल्या असतील, मधुकर थांबला. पुन्हा सूर दिला, पुन्हा थांबला. "काय झालं काका?" "काही नाही, तू म्हण." पण हे सांगताना तो तिच्याकडे बघत नव्हता, स्वतःच्या बोटांकडे बघत होता. मी स्वयंपाकघरातून विचारलं, "काय रे?" तर म्हणाला, "सूर थरथरतोय असं वाटतंय मला. तुला वाटतंय?" मला कुठे काय कळतंय! सईला विचारलं तर ती म्हणाली, "भात्यामुळे असेल काका." आणि मी? मी लगेच म्हटलं, "त्या वॉल्टरनं हात लावला ना, तिथेच बिघडवलं. बघितलं, म्हणून मी सांगत होते!" किती आत्मविश्वासानं बोलले. आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मधुकर त्या दिवसापासून बोलेनासाच झाला. सकाळी पेटीपाशी बसायचा, एक पट्टी दाबायचा, डोकं एका बाजूला कलतं करायचा, मग दुसऱ्या बाजूला. मग उठून जायचा. एकदा मी खोलीत गेले तर एक कान बोटानं बंद करून बसला होता. "काय करतोयस?" "खाज येतेय, परागाची." मला खरं वाटलं. जगातल्या सगळ्यांवर संशय घेणाऱ्या बाईला घरातल्या माणसाचं खोटं कळलं नाही. जानेवारीत कानाची टेस्ट झाली होती त्याची, बारीक आवाज थोडे कमी ऐकू येतात, वयानं होतं असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. मी ते ऐकून विसरले होते. तो विसरला नव्हता.

दोन आठवड्यांनी आम्ही पुन्हा त्या मोज्यांच्या गिरणीत. वॉल्टरनं सुंदर कातडं बेतून ठेवलं होतं, पांढरं, मऊ. मधुकरनं पेटी ठेवली, खिशातून एक चिठ्ठी काढली आणि त्याच्या हातात दिली. म्हणाला, "या पाच पट्ट्या मला बेसूर वाटतात. दुसऱ्या कुणालाच वाटत नाहीत. बहुतेक माझे कान गेलेत. फक्त एकदा खात्री करून सांगा. मंडळाला मी कळवलंय, या वर्षी दुसरा कुणीतरी बघा म्हणून. भाता मात्र नीट करा, पेटी सईला देईन म्हणतो." हे सगळं तो इंग्रजीत, हवापाण्याचं बोलावं तसं बोलला. मी तिथेच उभी होते. मंडळाला कळवलंय, हे मला तेव्हा कळत होतं. पेटी देऊन टाकणार, हेही तेव्हाच!

आणि मग माझ्या डोक्यात तो आकडा वाजला. पाच. पाच पट्ट्या.

मी चिठ्ठी वॉल्टरच्या हातून ओढून घेतली, अगदी उद्धटासारखी. खालच्या सप्तकातली काळी दोन, मधल्यातली पांढरी पाच, अशी त्याच्या सुबक अक्षरात यादी. एकेक ओळ मी माझ्या ठिपक्यांशी ताडून बघितली. मी ठिपके लावलेले पाचच्या पाच. पातळ जिभेच्या टोकाला वजन आलं तर ती हळू हलणार आणि सूर उतरणार, जोडीच्या जिभेशी त्याचं पटणार नाही आणि आवाज थरथरणार. शाळेतलं फिजिक्स! केमिस्ट्रीत मास्टर्स केलेल्या बाईच्या डोक्यात हे आलं नाही, कारण डोकं दुसऱ्याला पकडण्यात गुंतलं होतं.

तोवर वॉल्टरनं फळी उचलून भिंगातून बघितलं होतं. तो माझ्याकडे वळला आणि अगदी सभ्यपणे विचारलं, "मॅम, हे लाल काय आहे? तुमच्याकडे असं लावायची पद्धत असते का?"

हो म्हटलं असतं तर खपून गेलं असतं. पद्धत आहे, शुभ असतं, काहीही. क्षणभर मोह झाला, नाही कशाला म्हणू? पण मधुकर भिंतीला टेकून उभा होता, आणि त्याचा चेहरा निकाल ऐकायला आलेल्या माणसाचा होता. मी म्हटलं, "मी लावलंय. नेलपॉलिश आहे. तुम्ही रीड चोराल अशी मला भीती वाटली."

कुठल्यातरी पाइपातून बारीक हवा जात होती तेवढाच आवाज. मग वॉल्टरनं एक पातळ पातं घेतलं, जिभेखाली कागद सरकवला आणि एकेक ठिपका खरवडून काढला. पाच ठिपके काढायला त्याला अर्धा तासही लागला नाही. पेटी बंद करून त्यानं ती मधुकरसमोर सरकवली. मधुकरनं काळी दोन दाबली. मग पांढरी पाच. मग बाकीच्या तीन. मग पुन्हा पहिली. मग पेटीवर दोन्ही हात पसरून त्यानं मान खाली घातली आणि त्याचे खांदे हलायला लागले. चाळीस वर्षांच्या संसारात मी त्याला रडताना दोनदा बघितलं होतं, दोन्ही वेळा गावाकडून कुणी गेल्याचा फोन आल्यावर.

वॉल्टर म्हणाला, "एवढा बारीक फरक मला यंत्राशिवाय ऐकू आला नसता, सर." आणि तो सरसाच्या भांड्याकडे निघून गेला, आम्हाला एकटं सोडून. माझ्यावर तो एका शब्दानं रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

परतताना गाडीत मी पाच-सात वेळा सॉरी म्हटलं. मधुकर विंडशील्डवरची पिवळी पूड वायपरनं पुसत होता, ती पुसली न जाता नुसती पसरत होती. शेवटी म्हणाला, "दहा दिवस, वसू. मला वाटलं संपलं सगळं. रोज सकाळी उठून मी एकेक सूर मोजत होतो, आज अजून कुठला गेला म्हणून."

"मला सांगायचंस ना रे."

"तुला? तू रिपोर्ट मागितला असतास."

खरंच मागितला असता.

पेटी दहा दिवसांनी नवीन भाता घेऊन आली. या वेळी आत एकही खूण नव्हती, म्हणजे रीड तेच आहेत की बदललेत हे कळायला मला काहीच मार्ग नव्हता. माझे हात शिवशिवले, नाही म्हणत नाही. पण मी झाकण उघडलं नाही. एप्रिलच्या शेवटी शाळेच्या हॉलमध्ये मधुकर पेटीवर बसला, सई गायली, आणि समोरच्या रांगेतल्या काकू लोकांनी नेहमीप्रमाणे मधेच बटाटेवड्यांची चौकशी केली. सगळं अगदी नेहमीसारखं झालं. तेवढंच हवं होतं मला.

या गोष्टीचा मधुकरनं पुढे फार फायदा उठवला. कुठेही काही वाकडं झालं की माझ्याकडे बघणार. आमटी खारट, वायफाय बंद, गाडीचा टायर बसलेला: "वसू, काय लावलंस?" सईलाही सांगितलं त्यानं, तीही चिडवते, "काकू, माझ्या थीसिसला हात नका लावू हं." मी चिडते, आणि आतून मला ते आवडतं. ज्या माणसाला मी तसे दहा दिवस दाखवले, तो त्याचा विनोद करू शकतो, ही त्याची मोठी मेहरबानी.

पण नजर काही सुधारत नाही. गेल्या पावसाळ्यानंतर, म्हणजे इथल्या वादळांच्या दिवसांनंतर, माझ्या लक्षात यायला लागलं. टीव्हीचा आवाज एकेक पायरी वर चाललाय. ओव्हनची बारीक टिंग झाली की तो उठायचा, आता उठत नाही. फोनवर नात बोलते तेव्हा "हो हो, व्हेरी गुड" म्हणतो, आणि तिनं प्रश्न विचारलेला असतो. मी हे सगळं बघते आणि कुणाशी बोलत नाही. या वेळी माझा संशय खरा ठरू नये, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटतंय.

आज दुपारी, बाहेर ती पिवळी पूड पडत असताना, तो पेटी घेऊन बसला. पाडव्याचा हॉल ठरलाय, सईनं नवीन पद निवडलंय. मी शेजारी मटार सोलत होते. बरंच वाजवून झाल्यावर तो अचानक थांबला. वरच्या सप्तकातली एक पट्टी दाबली, सोडली, पुन्हा दाबली. डोकं एका बाजूला कलतं केलं.

"वसू, ऐक ना. ही थरथरतेय, हो ना?"

मी हात थांबवून ऐकलं. त्यानं तीनदा वाजवून दाखवली. तीन वर्षांत त्या सुरांचं थोडंफार मलाही कळायला लागलंय, शिकले मी मुद्दाम. सूर अगदी सरळ होता. कुठेही हलत नव्हता.

तो माझ्याकडे बघत होता. ओठावर तेच चिडवण्याचं हसू, पण डोळ्यांत हसू नव्हतं. डोळे वाट बघत होते.

"खरं सांग," तो म्हणाला, "परत काही केलंस का तू?"

बत्तीस वर्षं मी एकाही रिपोर्टवर खोटी सही केली नाही.

"हो," मी म्हटलं. "केलं."

"वाटलंच मला!" तो म्हणाला, आणि केवढ्यांदा हसला.